दोन फुटी फिशटँकला पंप-फिल्टर कोणता घ्यावा? (पाणी चार दिवसांआड, वीज बेभरवशाची)

उंबरठा | ६ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचनमात्र होते, हा माझा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक सात वर्षांची झाली म्हणून तिच्या मामाने वाढदिवसाला काचेची टाकी आणून दिली. २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. झाकण आणि लाइट आहे. "पंप-फिल्टरचं तुमचं तुम्ही बघा" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला परत गेला. टाकी रिकामीच आहे, सध्या तिच्यात बाहुल्या राहतात.

काल तीन दुकानं फिरले. पहिला म्हणाला एअर पंप लावा, फिल्टरची गरज नाही. दुसऱ्याने झाकणात बसणारा टॉप फिल्टर दाखवला. तिसऱ्याने बादलीएवढा कॅनिस्टर समोर ठेवला, "ताई, एकदाच काय तो खर्च करा." किंमत ऐकून मी पाणी पिऊन परत आले.

आमची परिस्थिती अशी. राहायला सोलापूर. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, मधल्या दिवसांत बोअर. बोअरच्या पाण्याने बादलीला आतून पांढरा थर बसतो. वीज आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी चार-पाच तास जाते, वळीव आला की वेगळीच. इन्व्हर्टर नाही. टाकी हॉलमध्ये ठेवायची, आणि हॉलमध्ये माझे सासरे झोपतात. त्यांची झोप अशी की शेजारच्या घरात चमचा पडला तरी उठतात.

लेकीला गोल्डफिश हवेत. चार. नावंही ठरली आहेत.

काय घेऊ?


खापरखुंटी | ६ एप्रिल, रात्री १०:३१

बाहुल्याच ठेवा. ना वीज लागते, ना पाणी.

(हलके घ्या. जाणकार येतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)


बुडबुडा | ६ एप्रिल, रात्री ११:०५

स्वागत! पहिल्याच धाग्यात टाकीचं माप, पाणी, वीज आणि सासरे असं सगळं लिहिलंत याबद्दल विशेष आभार. नाहीतर इथे "चांगला फिल्टर सुचवा" एवढं एकच वाक्य टाकून लोक गायब होतात.

आधी दुकानांतला गोंधळ सोडवू. एअर पंप म्हणजे हवा ढकलणारी डबी. तो पाणी साफ करत नाही. फिल्टरची जी मोटार असते ती पाणी ढकलते, तीही साफ करत नाही. साफसफाई होते ती स्पंजमध्ये, सिरॅमिक रिंगांमध्ये, आणि ती करतात जिवाणू. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं सडून अमोनिया होतो. अमोनिया माशांच्या कल्ल्यांना जाळतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सुसह्य असतं, ते आपण पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, खरखरीत पृष्ठभागाला चिकटून राहतात. त्यांना दोनच गोष्टी हव्यात : बसायला जागा आणि अंगावरून सतत वाहणारं, प्राणवायू असलेलं पाणी.

म्हणून फिल्टर घेताना मी पहिला प्रश्न हा विचारतो : वीज गेली की या जिवाणूंचं काय होणार? तुमच्याकडे आठवड्याला पाच तास वीज जाते. कॅनिस्टर म्हणजे बंद डबा. मोटार थांबली की आतल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू स्वतःच संपवतात, मग गुदमरून मरायला लागतात. वीज आली की तेच कुजकट पाणी थेट टाकीत. महागातला फिल्टर तुमच्या घरी सगळ्यात धोक्याचा ठरेल.

माझं मत स्पंज फिल्टरला. दोन स्पंजवाला मोठा घ्या, सोबत एक बरा एअर पंप. नळीतून बुडबुडे वर जाताना पाणी सोबत ओढून नेतात, ती जागा भरायला बाहेरचं पाणी स्पंजमधून आत येतं. टाकीत फिरणारा भाग एकही नाही. वीज गेली तरी स्पंज टाकीच्याच पाण्यात उघडा असतो, त्यामुळे जिवाणू बराच वेळ तग धरतात. दिसायला मात्र सुंदर नाही. कोपऱ्यात कुणीतरी भांडी घासायचा स्पंज विसरून गेल्यासारखं दिसतं. पुढे एखादी वनस्पती लावा.

गोल्डफिशबद्दल उद्या लिहितो, वाईट बातमी आहे.


काचघर | ७ एप्रिल, सकाळी ७:४८

मी पंधरा वर्षं ॲक्वेरियमचं दुकान चालवलं, आता बंद केलं. त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही.

तिसऱ्या दुकानदाराने कॅनिस्टर का दाखवला ते उघड आहे. पहिल्याने नुसता एअर पंप का सुचवला ते कमी लोकांना कळतं. मासे मेले की गिऱ्हाईक परत मासे घ्यायलाच येतं. सगळे तसे नसतात, पण असतात.

टॉप फिल्टर अगदीच टाकाऊ नाही. झाकणाखालच्या ट्रेमध्ये पाणी चढतं, फोमवरून ओघळून खाली पडतं. साफ करायला सोपा. पण पाणी पडल्याचा आवाज येतो, आणि तुमच्या उन्हाळ्यात आठवड्यात दोन इंच पाणी उडालं की तो आवाज आणखी वाढतो. सासऱ्यांचा विचार करता नकोच.

काठाला टांगायचा हँग-ऑन पुण्या-मुंबईत बरेच जण घेतात. दिसायला नेटका. पण पाण्याची पातळी खाली गेली की ओढ तुटते. वीज जाऊन आल्यावर काही मॉडेल आपोआप सुरू होत नाहीत, मोटार कोरडीच घरघरत राहते. तुम्ही ऑफिसात असाल तर जळते.

बुडबुडा यांच्या सल्ल्याशी सहमत. एक भर घालतो : एअर पंप टाकीच्या पाण्यापेक्षा वरच्या उंचीवर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं, तिथून बोर्डावर. व्हॉल्व्हला बाण असतो, बाण टाकीकडे. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण दर दहा गिऱ्हाइकांतले नऊ जण नको म्हणायचे.


मोजमाप | ७ एप्रिल, दुपारी १:२०

आकडे कुणी दिले नाहीत, म्हणून मी देतो.

२४ × १२ × १५ इंच = ४३२० घन इंच, म्हणजे सुमारे ७० लिटर. काठोकाठ भरत नाही, तळाला खडी असते, म्हणून प्रत्यक्षात ६० धरा. तासाला टाकीच्या चार ते सहापट पाणी फिल्टरमधून फिरावं हा शौकिनांचा ढोबळ हिशोब. म्हणजे २४० ते ३६० लिटर.

आता खोक्यावरचा आकडा. माझ्या पाण्यात बुडवायच्या छोट्या पॉवर फिल्टरच्या खोक्यावर "८०० लि./तास" लिहिलं होतं. मी मोजून पाहिलं. तोंडाला नळी लावून ती काठाबाहेर एक लिटरच्या मापात सोडली आणि मोबाइलवर सेकंद लावले. नवीन असताना साडेसात सेकंद, म्हणजे तासाला ४८०. तीन आठवडे न धुतलेल्या स्पंजवर १३ सेकंद, म्हणजे २७७. फसवणूक म्हणता येणार नाही. कंपनी तो आकडा आत काहीही न भरता आणि शून्य उंचीवर मोजते. आपण ती मोटार स्पंजमागे दडवतो.

खोक्यावर "H max" असं काही मीटरमध्ये लिहिलेलं असतं. त्या उंचीवर प्रवाह शून्य होतो. १ मीटरचा पंप घेऊन पाऊण मीटर पाणी चढवायला निघालात तर शेवटी धार नाही, थेंब येतील. टॉप फिल्टरला हे लागू पडतं. कॅनिस्टरला तितकंसं नाही, कारण तिथे खाली जाणारी आणि वर येणारी नळी दोन्ही पाण्याने भरलेल्या असतात, एकीचं वजन दुसरीला तोलतं. मोटारीला फक्त नळी आणि आत भरलेल्या स्पंज-रिंगांचं घर्षण सोसावं लागतं. "कॅनिस्टर चार फूट पाणी चढवतो" असं कौतुक दुकानात ऐकलं तर हसून सोडून द्या.

विजेचा हिशोब : १५ वॅटचा पॉवर फिल्टर २४ तास चालला तर महिन्याला १५ × २४ × ३० ÷ १००० = १०.८ युनिट. ३ वॅटचा एअर पंप २.१६ युनिट. बिल बघून घाबरायचं काही कारण नाही, पण पाच पट फरक आहे.


बुडबुडा | ७ एप्रिल, रात्री ९:१५

आता वाईट बातमी. ६० लिटरमध्ये चार गोल्डफिश नकोत. दुकानात दोन इंचाचा दिसतो तो नीट वाढला तर सहा-आठ इंच होतो. शिवाय तो सतत खातो आणि सतत... असो. अमोनियाचा कारखाना आहे. चौघांना पुरेल असा फिल्टर या टाकीला लावला तर टाकीचं वॉशिंग मशीन होईल आणि त्या लांब शेपट्यांचे मासे दिवसभर प्रवाहाशी झुंजत बसतील.

तुमचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आहे आणि जड पाणी आवडणारे मासे असतातच. गप्पी, मोली, प्लॅटी. भिंतीवर "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" वाचत आपण मोठे झालो, तोच गप्पी. नरांच्या शेपट्या इतक्या रंगीत असतात की लेक गोल्डफिश विसरेल. निऑन टेट्रा मात्र घेऊ नका. तो ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला. बोअरच्या पाण्यात टिकलाच तर रडतखडत.

आणि हो, दुकानदार "टाकी साफ ठेवायला" म्हणून सकर मासा देईल. घेऊ नका. तो काचेवरचं थोडं शेवाळ खातो आणि त्याच्या कैक पटीने घाण करतो. फूटभर वाढतो. मग कंटाळून लोक नदीत नाहीतर तलावात सोडतात. तुमच्या जिल्ह्यातल्या उजनीच्या कोळ्यांना विचारा, जाळ्यात हा काटेरी प्राणी आला की जाळं फाटतं आणि मासा बाजारात विकलाही जात नाही.


शेवाळ | ७ एप्रिल, रात्री १०:४०

सगळे फिल्टरच्या मागे लागलेत म्हणून वेगळं मत मांडतो. माझ्या गच्चीत सिमेंटच्या हौदात दहा वर्षं गप्पी आहेत. फिल्टर नाही, पंप नाही, खाणंही मी आठवड्यातून एकदा टाकतो. पाणवनस्पती, ऊन आणि डासांच्या अळ्या. आजोळी आडात मासे असायचे, तिथे कुठला कॅनिस्टर होता?


बुडबुडा | ७ एप्रिल, रात्री १०:५८

@शेवाळ, तुमचा हौद किती लिटरचा?


शेवाळ | ७ एप्रिल, रात्री ११:०३

असेल चारशे-पाचशे.


बुडबुडा | ७ एप्रिल, रात्री ११:१०

आणि मासे पंचवीस-तीस. ऊन भरपूर, वनस्पती अमोनिया खातात, पृष्ठभाग मोठा. तुमचा हौद स्वतःच फिल्टर आहे. हॉलमधल्या ६० लिटरला, दिवसातून तीनदा खाणं टाकणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला तो नियम लावू नका. वनस्पती घालाव्यात याच्याशी मात्र शंभर टक्के सहमत. मनी प्लांटची फांदी काठावरून पाण्यात मुळं सोडून ठेवली तरी नायट्रेट ओढते. पानं पाण्याबाहेर ठेवायची.


वऱ्हाडी ठेचा | ८ एप्रिल, सकाळी ६:५५

नागपूरवरून लिहितो. उन्हाळ्याचं कोणी बोललंच नाही बाप्पा!

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात, ३५ ला सातच्याही खाली. आणि नेमका तेव्हाच माशांचा श्वास वाढतो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पाणी ३४ पर्यंत जाते. सोलापूर काही फार मागे नाही.

बुडबुड्यांतून प्राणवायू पाण्यात जातो असं लोकांना वाटते. जातो थोडाफार, पण खरं काम वरचं पाणी हलण्याचं आहे. म्हणून स्पंज फिल्टरचं तोंड पाण्याच्या पातळीला ठेवा, थोडं फसफसू द्या. झाकण अर्धं उघडून वरून टेबल फॅन मारा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी मग भराभरा उडतं, ते बादलीतून भरत राहा. बर्फ टाकू नका, माझ्या भाच्यानं टाकला होता, त्याची गोष्ट पुन्हा कधी.


मोजमाप | ८ एप्रिल, सकाळी ९:३०

वरच्या प्रतिसादातला "भरत राहा" हा भाग जपून. उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. दर वेळी बोअरचं घातलंत तर महिन्याभरात पाणी जास्तच जड. भर घालायला नळाचं साठवलेलं पाणी वापरा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी काटकसर म्हणून टाकीत ओतणारेही पाहिलेत. त्या पाण्यात तर आरओने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार असतात.


काचघर | ८ एप्रिल, सकाळी ९:५२

आणि चार दिवसांआड पाणी येतं याचा एक फायदा घ्या, ताई. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते तुमच्या जिवाणूंना मारतं. उघड्या पिंपात दिवसभर राहिलं की ते उडून जातं. पुण्यातले लोक नळाखाली टाकी धरतात आणि मग क्लोरीन घालवायच्या थेंबांच्या बाटल्या विकत घेतात. तुमचं पाणी पिंपात आपसूक तयार होतं. आठवड्याला एक बादली काढायची, एक बादली घालायची. काढलेली झाडांना. कुंडीतली जास्वंद बघा मग.


पावसाळी सिॲटल | ८ एप्रिल, सकाळी १०:४०

माझ्याकडे सहा वर्षं कॅनिस्टर आहे आणि मी त्यावर खूश आहे. शांत, मोठा, तीन महिन्यांतून एकदा उघडतो. पण इथे वीज वर्षातून एखाद्या वादळात जाते. बुडबुडा यांचा मुद्दा मान्य.

लिहायचं कारण वेगळं. भारतात येताना नातेवाईक "तिकडचा चांगला पंप आणा" म्हणतात. आणू नका. इकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, तिकडे २३०, ५०. थेट लावला तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवलं तरी या मोटारी फ्रिक्वेन्सीवर फिरतात, त्यामुळे हळू फिरतील आणि तापतील. काकांसाठी एक नेला होता, तो आता त्यांच्याकडे पेपरवेट आहे.


उंबरठा | ९ एप्रिल, दुपारी ३:०५

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! धाग्याची वाचनखूण साठवली.

ठरलं : दोन स्पंजवाला फिल्टर, एअर पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. गोल्डफिशच्या बातमीवर लेक अर्धा तास रडली, मग तिने गप्पीचे व्हिडिओ पाहिले आणि नावं तीच ठेवली.

दोन शंका. एअर पंप आवाज करतो का? आणि मासे कधी आणायचे?


काचघर | ९ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

करतो. आत लोहचुंबक रबराच्या पडद्याला थरथरवतो, त्याचा गुणगुणाट. पण त्याहून मोठा आवाज तो ज्यावर ठेवलाय त्या फळीचा असतो. लाकडी शोकेसवर ठेवलात तर शोकेस तबला होतो. जाड घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर दोरीने खिळ्याला असा टांगा की भिंतीला टेकणार नाही. नवीन असताना आवाज नसेल आणि दोन-तीन महिन्यांनी वाढला तर एअर स्टोन (नळीच्या टोकाचा सच्छिद्र दगड) चोंदलाय का बघा. हवेला वाट मिळाली नाही की पडदा फाटतो. पडदा सुटा मिळतो, अख्खा पंप फेकू नका.


बुडबुडा | ९ एप्रिल, रात्री ९:४०

मासे लगेच नकोत. टाकी भरा, फिल्टर चालू करा, चिमूटभर खाणं रोज टाकत राहा म्हणजे अमोनिया तयार होईल. जिवाणू आपोआप येतात, पण वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. लवकर व्हायचं असेल तर ज्याची टाकी जुनी आणि निरोगी आहे त्याच्याकडून मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या टाकीत पिळा. पाणी गढूळ होईल, होऊ द्या. विरजण लावायला दही आणतो तसंच हे. सुरुवातीला मासे पाच-सहाच, मग दोन-तीन आठवड्यांनी पुढचे.

पंधरा दिवसांनी एक स्पंज काढा आणि टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. एका वेळी एकच. नळाखाली नाही, साबण तर अजिबातच नाही. पांढराशुभ्र स्पंज ही या छंदातली अपशकुनी गोष्ट आहे.


उंबरठा | २१ मे, रात्री ११:२५

धागा वर काढतेय, मदत हवी आहे. घाईत लिहितेय.

१० मे रोजी सहा गप्पी आणले होते, छान होते. आज मी माहेरी होते. कामाच्या मावशींनी बिचाऱ्यांनी चांगल्या मनाने दोन्ही स्पंज काढून बोअरच्या नळाखाली चोळून धुतले, उन्हात वाळवले आणि परत लावले. आता पाणी दुधासारखं झालंय. मासे सगळे वर येऊन तोंड उघडताहेत. एक तळाशी पडलाय, जिवंत आहे. लेक झोपलीय, तिला सांगितलेलं नाही. दुकानदार फोनवर निळं औषध टाका म्हणाला. टाकू का?


बुडबुडा | २१ मे, रात्री ११:३१

औषध टाकू नका. आजार नाही, अमोनिया आहे.

पिंपातलं नळाचं साठवलेलं पाणी आहे का? असेल तर टाकीतलं दीड बादली पाणी काढा आणि तेवढंच हळूहळू घाला. तापमान हाताला सारखं लागलं पाहिजे. एअर पंप पूर्ण उघडा. खाणं दोन दिवस बंद. लाइट बंद.


मोजमाप | २१ मे, रात्री ११:३८

बोअरचं घालू नका. जड पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा) सहसा जास्त असतो, आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दसपट होतो.


उंबरठा | २२ मे, रात्री १२:२०

पिंपात अर्ध्याहून थोडं जास्त होतं. दीड बादली बदललं. सासरे उठले, काय चाललंय म्हणाले आणि पाण्याचा मग घेऊन स्वतःच पाणी घालत बसले. "धार नको, भिंतीवरून सोड" म्हणाले आणि मलाच शिकवलं. वर येणं जरा कमी झालंय असं वाटतं.


काचघर | २२ मे, सकाळी ६:३०

आजही एक बादली बदला, उद्या परत. जुना स्पंज कुठे मिळेल ते बघा. दुकानातून आणू नका, तिथल्या टाक्यांत रोज नवे मासे येतात आणि सोबत त्यांचे रोगही. घरची टाकी असलेलं कुणी ओळखीत आहे?


गड्डा मैदान | २२ मे, सकाळी ८:०२

मी सोलापूरचाच, आजवर धाग्यावर बोललो नव्हतो. माझी टाकी तीन वर्षं जुनी आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. संध्याकाळी स्पंज घेऊन जा, टाकीच्याच पाण्यात बुडवून पिशवीतून न्या, कोरडा होऊ देऊ नका.


उंबरठा | २७ मे, दुपारी ४:१५

उशिरा कळवतेय. तळाशी पडलेला गेला. बाकी पाच ठणठणीत. @गड्डा मैदान यांचा काळाकुट्ट स्पंज आमच्या दोन स्पंजांच्या शेजारी तसाच ठेवलाय. तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं. मावशींना मी काही बोलले नाही, पण टाकीवर चिठ्ठी लावली : "इथे घाण मुद्दाम ठेवली आहे."

लेकीला सांगितलं. तिने कुंडीत जास्वंदीखाली पुरला आणि त्याचं नाव पुढच्या माशाला द्यायचं नाही असं ठरवलंय.

विजेचं राहिलं. परवा सात तास गेली होती. सासरे दर तासाला मग भरून उंचावरून ओतत होते, पण रोज कोण करणार?


वऱ्हाडी ठेचा | २७ मे, संध्याकाळी ७:१०

आजोबांना माझा नमस्कार सांगा! ते करत आहेत ते बरोबरच आहे, पाणी हललं पाहिजे एवढंच.

यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो. पॉवर बँकेला लावायचा. एक-दीड वॅट घेतो, त्यामुळे साधी १०,००० एमएएचची पॉवर बँकही रात्रभर पुरते. काही पॉवर बँका एवढा कमी वीजवापर बघून आपोआप बंद होतात, आधी घरी चालवून बघा. वीज गेली की आपोआप सुरू होणारे बॅटरीवाले पंपही असतात. तुम्ही ऑफिसात असाल तर ते जास्त कामाचे.


भिजकं बोट | ३० मे, सकाळी ११:४४

धागा उपयुक्त. थोडं अवांतर, पण महत्त्वाचं म्हणून लिहितो. माझ्या टाकीतल्या बुडवायच्या फिल्टरची वायर तळाशी चिरली होती. हात घातला की बोटांना मुंग्या यायच्या, मला वाटायचं थंड पाण्याने होतंय. माशांना काही झालं नाही, पण बायकोने ओल्या पायाने हात घातला तेव्हा ती किंचाळली. इलेक्ट्रिशियन म्हणाला नशीब थोर.

तेव्हापासून टाकीत हात घालायच्या आधी सगळी बटणं बंद. बोर्डाकडे जाणारी प्रत्येक वायर आधी बोर्डाच्या खाली लोंबू द्यायची आणि मग वर न्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी खालच्या वळणावर टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. घरात ईएलसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारं बटण) नसेल तर बसवून घ्या.


काचघर | ३० मे, दुपारी १२:३०

+१. म्हणूनच लहान मुलांच्या घरात मी स्पंज फिल्टर द्यायचो. पाण्यात फक्त हवेची नळी जाते.

आणि ज्यांच्याकडे मोटारवाला आहे आणि बोअरचं पाणी आहे त्यांच्यासाठी : मोटार घरघरायला लागली की लगेच नवी घेऊ नका. पंखा बाहेर ओढून काढा, तो चुंबकाचा असतो, नुसता अडकवलेला. त्याच्यावर आणि दांडीवर पांढरा थर बसलेला असेल. व्हिनेगरात किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ धुवून परत घाला. दांडी सिरॅमिकची असते, पडली तर मोडते. माझ्या दुकानात "मेलेल्या" म्हणून आलेल्या मोटारींतल्या निम्म्या अशा जिवंत व्हायच्या.


पावसाळी सिॲटल | ३१ मे, सकाळी ९:२०

फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घालावा की नाही यावर कुणी काहीच बोललं नाही, की मी वाचताना चुकवलं?


बुडबुडा | ३१ मे, रात्री १०:००

मुद्दाम टाळलं होतं, त्यावर इथे मागे दोनशे प्रतिसादांचं भांडण झालंय. माझं मत : रोज नको. पाण्याला पिवळट रंग आला, वास आला, किंवा औषध दिल्यावर ते काढून टाकायचं असलं की घालावा. काही आठवड्यांत त्याची छिद्रं भरतात, मग तो नुसता कोळसा. औषध चालू असताना तर काढूनच ठेवायचा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. त्याची जागा मी रिंगांना देईन.


खापरखुंटी | ३१ मे, रात्री १०:०४

दोनशे एक.


उंबरठा | १९ जुलै, रात्री ९:३३

बऱ्याच दिवसांनी. यूएसबी पंप घेतला, पॉवर बँक चालली. परवा वीज सहा तास नव्हती, कुणाला मग घेऊन बसावं लागलं नाही. सासऱ्यांना ते फारसं आवडलेलं नाही असं दिसतं. एअर पंप त्यांच्याच उशाशी खिळ्याला टांगलाय. आवाजाचं विचारलं तर म्हणाले, बंद पडला की जाग येते.

दोन माद्या व्याल्या. लेकीने रात्री टॉर्च मारून एकतीस पिल्लं मोजली. स्पंजवर टोचा मारत खात असतात, मोटारवाला फिल्टर असता तर आत ओढली गेली असती असं @काचघर यांनी व्यनित सांगितलं. पण एकतीस म्हणजे ६० लिटरला फार होतात ना? सोलापुरात कुणाला हवी असतील तर व्यनि करा. फुकट आहेत, पिशवी तुमची आणा. @गड्डा मैदान, तुमच्या स्पंजाचं व्याज म्हणून दहा तुमची, नाही म्हणायचं नाही.